सक्तीची रजा

म्हात्रे सर कुणालाही, केव्हाही रजेवर पाठवायचे.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला ते आम्हाला ऑब्जेक्ट ओरिएंटेड अ‍ॅनॅलिसिस अँड डिझाइन शिकवायचे. हे नाव वेळापत्रकाच्या चौकोनात मावायचं नाही, म्हणून सगळे नुसतं 'ओओ' म्हणत. चार-चार जणांच्या टीम पाडायच्या आणि प्रत्येक टीमने सेमिस्टरभर खपून एक सॉफ्टवेअर आखायचं, मग उभं करायचं, असा तो विषय. कामाला जरा रंग चढला की सर लॅबमध्ये शिरत, खुर्च्यांच्या रांगांमधून दोन-तीन येरझाऱ्या घालत आणि मधेच थांबून कुणाकडे तरी बोट दाखवत. "तू. आजपासून आठवडाभर रजेवर."

रजा म्हणजे रजा. त्या मुलाने टीमच्या कामाला हात लावायचा नाही, फोन उचलायचा नाही, कँटीनमध्ये वडापाव खाता खाता हळूच हिंट द्यायची नाही. आठवड्यानंतर सर येऊन बघणार, काम पुढे गेलं की अडलं. अडलं असेल तर मार्क कापले जाणार, आणि तेही टीमचे नव्हेत. जो रजेवर होता त्याचे. हे ऐकल्यावर दर वर्षी वर्गात एकच कल्ला होत असे. जो नव्हताच त्याला शिक्षा, हा कुठला न्याय? सर म्हणायचे, "तू नाहीस म्हणून काम अडलं, याचा अर्थ तू काम केलं नाहीस. लपवलंस."

सर दिसायला किरकोळ, अंगात हाफ बाह्यांचा शर्ट, आणि डाव्या कोपरात स्कूटरचं हेल्मेट अडकवलेलं. वर्गात शिकवतानाही ते हेल्मेट कोपरातच असायचं. फळ्यावर लिहिताना ते फळ्याला ठक ठक लागायचं. ते कधी एका जागी उभे राहिलेले मी पाहिले नाहीत. दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत, आणि वाटेत जो बाक येईल त्याला प्रश्न. वाक्य इथे सुरू व्हायचं आणि तिकडे मागच्या बाकापाशी संपायचं. आमच्या माना टेनिसची मॅच बघितल्यासारख्या फिरत. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, या माणसाला कुठेतरी जायचंय आणि आम्ही त्याला अडवून ठेवलंय. पुढे कळलं की ते तसंच होतं.

शिकवायला स्लाइड नाहीत, पुस्तक नाही. सर घणसोली गावातले, मूळचे. त्यांच्या आजोबांची भातशेती होती त्या जागी आता नव्या शहराचे सेक्टर आहेत. त्यांची सगळी उदाहरणं गावातल्या हळदीची असत. आगरी हळद म्हणजे लग्नाच्या आदल्या रात्री अख्खा गाव जेवायला. सर वर्गातल्या मुलांनाच आचारी, वाढपी, नवऱ्याचा मामा करून उभं करत. इम्रानला एकदा मटणाचा टोप केलं होतं. मग प्रश्न, मटण शिजलं की नाही हे मामाला कसं कळणार? मामा झालेल्या मुलाने पुढे होऊन इम्रानच्या डोक्यावरचं वहीचं झाकण उचललं, तसे सर दारातून धावत आले. टोपाचं झाकण उघडायचा मामाला अधिकार काय? आचाऱ्याला विचार. शिजलं की नाही ते आचारी सांगेल, कसं शिजवलं ते त्याचं त्याला ठाऊक. "दुसऱ्याच्या खिशात हात घालायचा नाही," ते म्हणायचे. "मागायचं."

ज्यांना या विषयाचा गंध नाही त्यांना एवढं पुरे आहे. सॉफ्टवेअर ही छोट्या छोट्या माणसांनी भरलेली एक हळद असते. प्रत्येकाला आपल्यापुरतं ठाऊक असतं आणि प्रत्येकाला आपलं आपलं काम करता येतं. बाकीच्यांनी त्याला सांगायचं किंवा विचारायचं. कागदावर प्रत्येकाचा एक चौकोन काढायचा, वरच्या भागात त्याला काय माहीत आहे ते लिहायचं आणि खालच्या भागात त्याला काय करता येतं ते. सरांच्या मते सगळी कला एका प्रश्नात होती. हे काम कुणाचं?

आम्ही मुलं हमखास एक चूक करायचो. सगळी कामं एकाच चौकोनात कोंबायचो, त्याला 'मॅनेजर' असं भारदस्त नाव द्यायचो आणि मोकळे व्हायचो. तो मॅनेजर दिसला की सरांचा पारा चढायचा आणि त्यांची शहरी मराठी गळून पडायची.

"ह्यो कोन? देव हाय का? याला ताप आला तर लगीन मोडायचं काय?"

आमच्या टीममध्ये मी, प्रियांका, इम्रान आणि अक्षय. अक्षय हुशार, म्हणजे अतीच हुशार. आम्ही तिघं चहा आणायचो आणि तो कोड लिहायचा, अशी आमची कामाची वाटणी होती. सरांचं बोट त्याच्याकडे वळणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. अक्षय रजेवर गेला आणि आमचं घोडं जे पेंड खायला बसलं ते आठवडाभर उठलंच नाही. मार्क अक्षयचे गेले.

त्याचे वडील कळंबोलीला ट्रान्सपोर्टच्या धंद्यात. पांढरा शर्ट, गळ्यात चेन, तणतणत कॉलेजात आले. मुलगा एकट्याने राबतो आणि तुम्ही त्यालाच नापास करता, असं त्यांचं म्हणणं. सरांनी त्यांना बसायला खुर्ची दिली, स्वतः खुर्चीभोवती फिरत राहिले आणि विचारलं, तुमच्याकडे गाड्या कोण लावतो? तर एक जुने मुनीम होते, तेच सगळं बघत. ते आठवडाभर आले नाहीत तर? वडील म्हणाले, धंदा बसेल. सर म्हणाले, मग तुम्हाला रात्री झोप कशी लागते? मग दोघांनी चहा घेतला. पुढच्या महिन्यात अक्षयच्या वडिलांनी मुनीमजींच्या हाताखाली दोन माणसं नेमल्याचं अक्षयने आम्हाला सांगितलं, आणि त्याने स्वतःही त्यानंतर आम्हाला कीबोर्डला हात लावू दिला.

पण लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण. कुणालाही रजेवर पाठवणाऱ्या या माणसाने स्वतः कधी रजा घेतलेली कुणाच्या ऐकिवात नव्हती. आणि रोज साडेबाराला, वाक्य अर्धं असलं तरी, सर हेल्मेट डोक्यात घालून निघून जायचे. तासाभराने धापा टाकत परत यायचे आणि उरलेलं वाक्य पुरं करायचे. नवीन मुलं हसायची. जुनी सांगायची, हसू नका, ते बेबीला जेवायला वाढायला जातात.

बेबी ही सरांची मोठी बहीण. साठीला आलेली बाई, पण अख्खा गाव तिला बेबीच म्हणायचा. जन्मतःच तिची बुद्धी मंद, असं त्या वेळच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि घरच्यांनी ते शेवटचं म्हणून धरलं. आईवडील होते तोवर त्यांनी केलं. आई गेल्यावर सरांनी. आंघोळीचं पाणी, जेवण, औषधं, केस कापणं, सगळं. ऐरोलीच्या एका मोठ्या कंपनीत त्यांची चांगली नोकरी होती, ती सोडून ते कॉलेजात आले, कारण कॉलेज घरापासून स्कूटरने दहा मिनिटांवर होतं. लग्न केलं नाही. कुणी म्हणायचं बेबीमुळे. सर म्हणायचे, वेळच झाला नाही.

आम्ही त्यांच्या हाताखाली आलो त्या वर्षी सर जिन्यात थांबायला लागले होते. पहिल्या मजल्यावरच्या नोटीस बोर्डापुढे उभे राहून ते जुन्या नोटिसा वाचत. जो माणूस कुठेच थांबत नाही तो परीक्षेच्या गेल्या वर्षीच्या वेळापत्रकापुढे थांबतो, यात काहीतरी चुकतंय हे आम्हाला कळायला हवं होतं. मग एके दिवशी लॅबमध्ये ते मधेच खाली बसले, जमिनीवर, हेल्मेट मांडीवर घेऊन. चेहरा घामाने डबडबलेला. इम्रानने आणि मी त्यांना रिक्षात घातलं आणि वाशीला हॉस्पिटलमध्ये नेलं. वाटेत सर एकच सांगत होते, साडेबारा वाजायच्या आत सोडा.

डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाच्या तीन नळ्या तुंबल्यात, बायपास करावी लागेल, लवकर करा. सरांनी विचारलं, किती दिवस? डॉक्टर म्हणाले, हॉस्पिटलात आठ-दहा दिवस, नंतर दोन महिने स्कूटर नाही, वजन उचलायचं नाही, धावपळ नाही. सरांनी मान हलवली. "जमनार नाय," असं म्हणून त्यांनी चपला शोधायला सुरुवात केली. डॉक्टरांना वाटलं पैशांची अडचण असेल, त्यांनी कसल्याशा योजनेचं नाव सांगितलं. पैशांचा प्रश्न नव्हता. बेबीला दहा दिवस कुणावर सोपवायचं, हा होता. तिला काय लागतं, कधी लागतं, काय चालत नाही, ती कशाला घाबरते, हे जगात एकाच माणसाला माहीत होतं आणि तो माणूस गोळ्यांची चिठ्ठी खिशात कोंबून रिक्षा शोधत होता.

पुढच्या सेमिस्टरला आमचा प्रोजेक्टचा भाग त्यांच्याचकडे होता. विषय द्यायच्या दिवशी सरांनी फळ्यावर लिहिलं, 'एका घरात एकच माहीतगार माणूस. तो दोन महिने रजेवर. घर चालू ठेवा.' मग हात झटकून म्हणाले, सगळ्या टीमना हाच विषय. कुणाचं घर, हे कुणी विचारलं नाही. हा माणूस आपला जीव वाचवायचा उपाय तिसऱ्या वर्षाच्या पोरांकडे मागत होता आणि त्याला मार्क देणार होता.

टीम पाळीपाळीने माहिती गोळा करायला त्यांच्या घरी जात. घणसोली गावातल्या त्या गल्लीत रिक्षा शिरत नाही. दोन इमारतींच्या मधून आभाळाची चिंधोटी तेवढी दिसते. खाली सर आणि बेबी, वर भाडेकरू, शेजारच्या घरात चुलतभावाची बायको सुमनवहिनी. आम्ही गेलो तेव्हा बेबीताई खिडकीपाशी बसून लसूण सोलत होत्या. अंगात फुलाफुलांचा गाऊन, डोकीचे केस मुलासारखे बारीक. आमच्याकडे बघून हसल्या. सर आत-बाहेर करत पाठ केल्यासारखं सांगत होते. सकाळी सातला चहा, साखर कमी. दुपारी भाकरी, मासे काटा काढून. गॅसजवळ जाऊ द्यायचं नाही. कुकरच्या शिट्टीला घाबरते. इम्रान भराभर लिहून घेत होता.

मी मधेच बेबीताईंना विचारलं, चहात साखर किती लागते तुम्हाला? सर लगेच म्हणाले, अर्धा चमचा. मी दुसरं काही विचारलं, त्याचंही उत्तर सरांनी दिलं. मग वरचा भाडेकरू पाण्याच्या मोटरची तक्रार घेऊन आला आणि सर जिन्याकडे धावले. आता खोलीत कुणी काही बोलत नव्हतं. मी चुळबुळत होते, कारण मला शांतता सहन होत नाही. प्रियांका मात्र फोनमध्ये डोकं घालून बसली होती, घरी कुणाशी तरी तिचं चॅटवर भांडण चाललं होतं, त्यामुळे तिला घाई नव्हती. बराच वेळ गेला. चहा घेऊन कप धुऊन ठेवावा इतका वेळ. आणि बेबीताई एकदम म्हणाल्या, "दोन."

आम्हाला कळेना दोन काय. प्रियांकाने मान वर केली. साखर, ती म्हणाली. दोन चमचे.

बेबीताई उत्तर देत होत्या. फक्त उशिरा. प्रश्न आत जायचा, कुठेतरी फिरून यायचा आणि सावकाश बाहेर पडायचा. तोवर कुणी थांबायचंच नाही. आई थांबली नसेल, शेजारी थांबले नसतील, आणि सर तर जन्मात कुठे थांबले नव्हते. प्रियांका मग बेबीताईंच्या शेजारी जाऊन बसली आणि लसूण सोलता सोलता एकेक विचारत गेली. मध्ये मध्ये इतका वेळ जायचा, की मला उठून पळावंसं वाटत होतं. गॅस पेटवता येतो का? येतो. शिट्टीला घाबरता? नाही, विलूला शिट्टी आवडत नाही. विलू म्हणजे सर, विलास म्हात्रे. आणि शेवटी, काहीच विचारलं नसताना, त्या म्हणाल्या, "विलू छाती धरतो. रात्री. मी जागी असते."

सरांच्या छातीचं बेबीला कळू नये म्हणून सरांनी आम्हा सगळ्यांना तंबी दिलेली होती.

डिझाइन दाखवायच्या दिवशी सगळ्या टीमनी फळ्यावर आपापले चौकोन काढले. आमचा सोडून सगळ्यांचे सारखेच. 'काळजीवाहू' नावाचा एक भला मोठा चौकोन, खालपर्यंत कामांनी भरलेला, आणि त्याच्या शेजारी 'बेबी'. बेबीच्या चौकोनात वर वय, रक्तगट, औषधं, आवडीनिवडी. खालचा भाग, म्हणजे काय करता येतं तो, कोरा. सर फिरत फिरत बघत होते आणि मान डोलावत होते. ज्यांनी आयुष्यभर 'मॅनेजर'च्या चौकोनावर फुली मारली त्यांना फळ्यावर सात वेळा काढलेला तो चौकोन दिसत नव्हता. आमचा चौकोन शेवटी होता. त्यात बेबीच्या खालच्या भागात प्रियांकाने लिहिलं होतं, सांगते, चहा करते, घरावर लक्ष ठेवते, विलासची काळजी घेते.

सर थांबले. खरोखर थांबले. हे कुठून आणलंत, असं त्यांनी विचारलं. प्रियांका म्हणाली, बेबीताईंनी सांगितलं.

"ती नाय सांगत काय."

"सांगतात सर. उशिरा सांगतात." प्रियांकाने हातातला खडू खाली ठेवला. "आम्ही त्यांना विचारत होतो आणि तुम्ही त्यांच्या खिशात हात घालत होता."

मला वाटलं, आता हेल्मेट येतं अंगावर. सरांनी डस्टर घेतलं, आमचा चौकोन सोडून बाकीचे सगळे पुसले, आणि साडेबारा वाजायला पुष्कळ अवकाश असताना निघून गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. त्यांच्या नोकरीत असं पहिल्यांदाच घडलं होतं. प्रियांका रडून रडून बेजार. इम्रान तिला म्हणत होता, अगं, पण खरं तेच बोललीस ना. ती म्हणाली, खरं बोलायला माझं काय जात होतं, आजारी ते आहेत.

त्यानंतरच्या सकाळी सर आले ते थेट आमच्या बाकापाशी. मला त्यांनी आपला फोन दिला आणि सांगितलं, "उद्या मी रजेवर."

म्हणजे घरापासून रजा. सकाळी ताट झाकून ठेवून निघायचं, आणि संध्याकाळपर्यंत घरी जायचं नाही, फोन करायचा नाही. प्रियांका शेजारी सुमनवहिनींकडे बसणार, पण काही पेटलं किंवा कुणी पडलं तरच आत जाणार. नियम त्यांचेच होते आणि ते त्यांनी स्वतःला लावले.

तो दिवस मी विसरणार नाही. सकाळच्या तासाला त्यांनी तीच गोष्ट दोनदा शिकवली. जिन्यात ते आता नोटीस बोर्डापाशी थांबेनात, म्हणून मीच त्यांच्या मागे धावत होते. साडेबाराला ते फाटकापर्यंत गेले, पार्किंगमध्ये गेले, स्कूटर चालू केली, तसंच उभं राहून तिचा आवाज ऐकला आणि बंद केली. मग वर येऊन मला म्हणाले, फोन दे. मी नाही म्हटलं. मास्तरांना नाही म्हणायची सवय कुठे असते आपल्याला. ते म्हणाले, शाब्बास. आणि पाच मिनिटांनी पुन्हा मागितला. कँटीनमध्ये त्यांनी इम्रानच्या ताटातला भात चिवडला आणि तसाच ठेवला. इम्रान त्यांना काहीबाही विनोद सांगत होता, ते ऐकतही नव्हते. एवढी तगमग मी कुणाची पाहिलेली नाही. मला त्यांची दया येत होती आणि रागही येत होता, की माणसाने स्वतःला इतकं गरजेचं करून का ठेवावं.

दुसऱ्या दिवशी ते वर्गात आले आणि नेहमीप्रमाणे चालायला लागले, पण बोलेनात. दोन-तीन फेऱ्या झाल्यावर खिडकीपाशी म्हणाले, तिने भाकरी खाल्ली नाही. आम्ही घाबरलो. मग म्हणाले, तिने स्वतः कुकर लावला, भात केला आणि आदल्या दिवशीचं सुकट घेतलं. माझ्यासाठी झाकून ठेवलं.

"तिला भात आवडतो," सर म्हणाले. "आई गेल्यापासून मी भाकरी वाढतोय."

हे सांगताना त्यांचा चेहरा असा झाला होता, की मागच्या बाकावरची मुलंही हसली नाहीत.

पुढे सगळं एका दिवसात जागेवर आलं, असं नाही. एकदा दूध उतू जाऊन गॅस विझला, आणि सरांनी आठवडाभर शेगडी बंद ठेवली. सुमनवहिनींशी त्यांचं वाजलं. वहिनी म्हणाल्या, "इतकी वर्सं आमी शेजारी हाय, आमाला कदी हात लावू दिला नाय यानी. आमी काय परके हाव का?" पण हळूहळू बेबीताई सकाळी गावातल्या एका केंद्रात जायला लागल्या, तिथे त्यांच्यासारखी मोठी माणसं पणत्या रंगवत, पिशव्या शिवत. दुपारचं जेवण त्यांचं त्या करत. रात्री वहिनी झोपायला येणार, असं ठरलं. आमचं सॉफ्टवेअर म्हणाल तर कुणीच वापरलं नाही. त्याची गरजच उरली नाही. सरांनी आम्हाला त्याचे मार्क मात्र बऱ्यापैकी दिले, आणि ऑपरेशनची तारीख घेतली.

सर हॉस्पिटलमधून परत आले नाहीत. ऑपरेशन नीट झालं, पण नंतर फुप्फुसात संसर्ग झाला आणि तो हाताबाहेर गेला. डॉक्टर म्हणाले, आधी आले असते तर शरीरात ताकद जास्त असती. ते वाक्य मला अजून सुखाने बसू देत नाही. आता मी ऐरोलीच्या कंपनीत एका टीमची लीड आहे, आणि कुणी एकटाच सगळं करताना दिसला की त्याला जबरदस्तीने सुट्टीवर पाठवते. लोक मला विक्षिप्त म्हणतात.

बेबीताई त्याच घरात राहतात. वहिनी आहेत, केंद्र आहे, वरच्या खोल्यांचं भाडं येतं. मी जाते कधीमधी. विलू कुठे आहे, हे मी त्यांना कधी विचारत नाही, आणि त्या कधी सांगत नाहीत. चहा मात्र त्या करतात, आणि तो चांगला गोड असतो.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते हॉस्पिटलात भरती व्हायच्या सकाळी. इम्रानने मामाची गाडी आणली होती आणि ती गल्लीच्या तोंडाशी उभी होती. मी बॅग घ्यायला घरापर्यंत गेले. सर उंबऱ्याबाहेर उभे होते आणि बेबीताई आत. सर सांगायला लागले, की दुपारच्या गोळीनंतर... आणि मधेच गप्प झाले. मग त्यांनी विचारलं, "बेबी, जाऊ मी?"

आणि ते वाट बघत उभे राहिले. गल्लीतून गॅसवाला गेला, त्याला अंग चोरून वाट दिली. तिकडे गाडीमागे कुणाचा तरी टेंपो अडकला होता आणि हॉर्नवर हॉर्न देत होता. इम्रानने मला फोन केला, तो मी उचलला नाही. सर हलले नाहीत, बोलले नाहीत.

"जा," बेबीताई म्हणाल्या, आणि त्यांनी दार लावून घेतलं.

त्या दाराला इतकी वर्षं आतून कडी नव्हती. बेबी आत अडकेल या भीतीने सरांनी ती पूर्वीच उपटून टाकली होती. बाई माणूस घरात एकटं राहणार तर कडी हवी, असा वहिनींनी धोशा लावला, तेव्हा त्या आठवड्यातच सुतार बोलावून नवी बसवली होती. ती सरकल्याचा आवाज आम्ही दोघांनीही ऐकला.

सरांनी पुढे होऊन दार जरा ढकलून पाहिलं. ते उघडलं नाही. त्यांनी आणखी एकदा, जोर लावून ढकललं. मग ते माझ्या पुढे चालत गाडीपर्यंत गेले आणि आत बसले.